पावणेपाच मीटर

नागपुरात कुणालाही विचारा, डबल डेकर कुठं आहे? तो वर्धा रोडकडे बोट दाखवेल. आमच्याकडे डबल डेकर म्हणजे पूल. खाली जुना रस्ता, मधे उड्डाणपूल आणि त्याच्या डोक्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाचं नाव गिनीज बुकात गेलं. २०२४ च्या ऑक्टोबरात कामठी रोडवरचाही खुला झाला. तिथं गड्डीगोदामला तर चार मजले एकावर एक चढलेत : रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. पाहुणे आले की आम्ही त्यांना हे दाखवायला नेतो, आणि दाखवताना छान वाटतं.

माझ्या बाबांना मात्र डबल डेकर म्हटलं की अजून बसच दिसते.

मागच्या महिन्यात लेकीनं त्यांना फोनवर एक चित्र दाखवलं. नव्यानं घडवलेली, पण जुन्या वळणाची दुमजली बस. गोल कोपरे, गडद लाल रंग, खिडक्यांना पांढरी किनार, समोर वाटोळे दिवे. "आजोबा, बघा, रेट्रो." बाबांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि मागचा दरवाजा शोधू लागले. बराच वेळ शोधून त्यांनी विचारलं, "यात वरचा कंडक्टर कुठं उभा राहते?"

लेकीला प्रश्नच कळला नाही. मला कळला. या लेखाचं कारण तो प्रश्न आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. तेव्हा नागपूरची शहर बससेवा एसटीच चालवायची, आणि बाबांची बरीच वर्षं सिटीच्या ड्यूटीत गेली. लांब पल्ल्याच्या गाडीत माणसं बसली की बसली. मधल्या स्टॉपपर्यंत कंडक्टरला श्वास घ्यायला फुरसत मिळते. सिटीत तसं नाही. दर पाचशे पावलांवर स्टॉप, दर स्टॉपला दहा उतरणार, पंधरा चढणार, आणि त्या पंधरांची तिकिटं पुढचा टप्पा यायच्या आत फाडायची. चव्वेचाळीस सीटच्या गाडीत ऐंशी माणसं. पुढून मागं आणि मागून पुढं बाबा दिवसभर त्या गर्दीतून स्वतःला ओढत न्यायचे. "सरका ना भाऊ, पुढं जागा आहे" हे वाक्य ते कधी कधी झोपेतही म्हणायचे. रात्री आई परातीत कोमट पाणी, मीठ घालून ठेवायची. बाबा त्यात पाय सोडून वे-बिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचा हिशेब, जुळवत बसायचे आणि आम्हाला तेव्हा बोलायला बंदी असायची.

त्यांच्याकडे तिकिटांचा पत्र्याचा ट्रे होता. वेगवेगळ्या किमतींच्या गड्ड्या, वेगवेगळे रंग, प्रत्येक गड्डीवर रबर. आणि लोखंडी पंच. तिकीट फाडायचं, टप्प्याच्या आकड्यावर पंच दाबायचा, खिट्. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी त्यांना त्या पंचामुळं घट्टा पडला होता. तो अजून आहे. निवृत्तीनंतर वीस-बावीस वर्षांत मऊ झाला, पण गेला नाही. पंचातून निघालेले कागदाचे बारीक गोल त्यांच्या पँटच्या दुमडलेल्या कडेत साठायचे. गुलाबी, पिवळे, फिकट हिरवे. धुवायला टाकायच्या आधी पँट झटकायचं काम माझं होतं, आणि ते मी कुणाला करू देत नसे. त्या गोलांच्या मी बाहुलीला टिकल्या लावायचे.

१९८५ च्या उन्हाळ्यात बाबा मला मुंबईला आत्याकडे घेऊन गेले. मी नऊ वर्षांची. समुद्र बघायचा म्हणून निघालो होतो, पण दादरला स्टेशनबाहेर पडल्या पडल्या मी जे पाहिलं त्यापुढं समुद्राचं मला फारसं काही वाटलं नाही. लाल, एवढी उंच की मान मागं टाकावी लागे. पुढं मराठी आकड्यांत नंबर. वरच्या मजल्यावर ओळीनं माणसांची डोकी. माझी आजी एकदाच मुंबईला जाऊन आली होती आणि ती या बसला माडीची मोटार म्हणायची. मला वाटायचं, आजीचं काहीतरीच. आजीचं खरं होतं.

मुंबईत दुमजली बस १९३७ मध्ये आली. बेस्टची साधी बससेवा त्याआधी १९२६ मध्ये, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी सुरू झालेली. माणसं वाढत होती, रस्ता तेवढाच होता. मग वर चढायचं. हे सगळं मी पुढं कधीतरी वाचलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मागच्या बाजूला एक अरुंद, वळणारा जिना आहे आणि वर सगळ्यांत पुढची सीट रिकामी आहे. मी धावले. गाडी सुटली आणि समोर कुणीच नाही, ड्रायव्हर नाही, बोनेट नाही, रस्ता सरळ माझ्या पायाखाली शिरतोय. वळणावर समोरची इमारत अंगावर येते आणि अगदी शेवटच्या क्षणी बाजूला होते. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत एक बाई तांदूळ निवडत बसलेली. तिच्या सुपातले तांदूळ मला दिसले. झाडाची फांदी काचेवर घासून गेली तेव्हा मी डोळे मिटले.

"बाबा, बघा ना!" म्हणून मी मागं वळले, तर बाबा सीटवर नव्हते. ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते आणि वरच्या कंडक्टरशी बोलत होते.

त्या बसला दोन कंडक्टर होते. एक खाली, एक वर. बाबांना हे कुणीतरी सांगितलेलं असणार, पण पाहिलं पहिल्यांदा. खालचा दोरी ओढायचा : एक घंटा थांबायला, दोन निघायला. वरच्याला दरवाजा दिसत नाही, खालच्याला वर काय चाललंय ते दिसत नाही, आणि ड्रायव्हरला दोघंही दिसत नाहीत. "तिघांचा संसार एका दोरीवर," बाबा नंतर कितीतरी वेळा सांगायचे. वरच्या कंडक्टरला त्यांनी आपण एसटीत असल्याचं सांगितलं. तो हसला, जागा करून दिली आणि आमची दोन तिकिटं काढायला लावली. एक पूर्ण, एक अर्धं. बाबांना ते फार आवडलं. आपल्या धंद्यातला माणूस म्हणून सोडलं नाही, हे ते घरी आल्यावर आईला कौतुकानं सांगत होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी लक्षात ठेवली. वरच्या मजल्यावर उभं राहायला मनाई होती. म्हणजे जो वर गेला, त्याला बसायला मिळालंच. दिवसभर उभ्या माणसांच्या गर्दीत घुसमटलेल्या माझ्या बाबांना हा नियम किती मोठा वाटला असेल, हे मला पुढं कॉलेजात असताना बसच्या दांडीला लोंबकळल्यावर कळलं. परतीच्या प्रवासात रेल्वेत ते खिडकीतून बाहेर बघत अचानक म्हणाले, "सीताबर्डी ते कामठी. दोन कंडक्टर. मजा येईल." बर्डीचं नाव त्यांनी असं घेतलं, जणू गाडी उद्याच लागणार आहे.

लेकीनं दाखवलेल्या चित्राकडे परत येते.

जुन्या वळणाच्या नव्या बसचं सगळ्यांत मोठं उदाहरण लंडनचं. तिथली रूटमास्टर १९५६ मध्ये रस्त्यावर आली. अॅल्युमिनियमची हलकी बांधणी, ६४ सीट, मागं चढायला उघडा ओटा, त्यावर उभा कंडक्टर. १९६८ पर्यंत २,८७६ गाड्या तयार झाल्या आणि त्या इतक्या टिकल्या की नेहमीच्या मार्गांवरून त्यांना निरोप द्यायला ९ डिसेंबर २००५ उजाडावं लागलं. लोक हळहळले. मग २०१२ मध्ये थॉमस हेदरविक यांच्या आराखड्याची नवी रूटमास्टर आली. जिन्याबरोबर वळत जाणारी काच, गोलाई, तोच लाल रंग, आणि मुद्दाम परत आणलेला मागचा उघडा ओटा. त्या ओट्यावर लक्ष ठेवायला दुसरा माणूसही ठेवला. तिकिटं फाडायची नव्हती, पण माणूस होता. २०१६ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून तो काढला. माणूस नाही म्हटल्यावर ओटा उघडा ठेवता येईना, मग गाडी चालू असताना मागचा दरवाजा बंदच राहू लागला.

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जिना ठेवला अन् माणूस काढला."

त्याच गाडीची आणखी एक गोष्ट नागपूरकरांनी ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला तिच्या खिडक्या उघडतच नव्हत्या. दिसायला सुरेख, पण लंडनच्या उन्हाळ्यात वरचा मजला तापू लागला, लोक कासावीस झाले आणि पुढं उघडणाऱ्या खिडक्या बसवून घ्याव्या लागल्या. लंडनचा उन्हाळा! आमच्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या छपराखाली, चहूबाजूंनी काच असलेल्या खोलीत माणसाला बसवून सीताबर्डीहून कामठीला नेऊन बघा. जुन्या गाडीचं चित्र समोर ठेवून नवी घडवणाऱ्यानं नागपुरात सगळ्यांत आधी छपराचा विचार करावा, रंगाचा मागून. आमच्या घरांनीही तेच केलं. आधी वाळ्याचे पडदे, मग लाकडी भुश्शाचे कूलर. दिसायला ओबडधोबड, पण मे महिन्यात त्यांच्यासारखं देखणं दुसरं काही वाटत नाही.

मुंबईनं जुन्या वळणाचा नाद सोडला आणि सरळ नवी गाडी घेतली. विजेवर चालणारी, वातानुकूलित दुमजली बस १८ ऑगस्ट २०२२ ला मुंबईत लोकांसमोर आली, तीही आमच्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या हस्ते. २०२३ च्या फेब्रुवारीत ती रस्त्यावर धावू लागली. ६५ सीट, दोन दरवाजे, दोन जिने. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे पहिल्या पाच किलोमीटरला तिकीट सहा रुपये होतं. बेस्टच्या इतर एसी बसला तेव्हा जे होतं तेच. सहा रुपयांत माडी.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला जुन्या डिझेलच्या दुमजली बसनं अंधेरीच्या ४१५ नंबरच्या मार्गावर शेवटची फेरी केली. गाड्यांचं पंधरा वर्षांचं आयुष्य भरलं होतं. हारफुलांनी सजवलेल्या बसचा व्हिडिओ मी बाबांना लावून दिला. गर्दी, मोबाईल वर धरलेले हात, कुणी खिडकीतून हात हलवतंय. बाबांनी आवाज मोठा करायला सांगितला. गोंगाटात काहीच ऐकू येईना. "घंटी दे रायला का कोणी?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. घंटा काही ऐकू आली नाही.

जुनं रूप परत आणण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्टच सांगते. लोकांचा जीव एखाद्या आकारावर जडतो आणि तो आकार पुन्हा रस्त्यावर दिसला की शहरातलं मूल खिडकीकडे धावतं. हे मोठं काम आहे. बसकडे धावणारी मुलं पुढं बसनं जाणारी माणसं होतात, मी झाले. स्कूटर असून मी आजही ऑफिसला बसनं जाते. पण रूपाबरोबर जे होतं ते मागं ठेवून नुसतं रूप आणलं, तर दुमजली बस फिरायला न्यायची वस्तू होऊन बसेल. हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा जवळ. तिथल्या जुन्या दुमजली २००३ च्या सुमारास बंद झाल्या आणि २०२३ मध्ये विजेवरच्या आल्या, त्या हुसेनसागरच्या परिसरात फिरू लागल्या. तलावाकाठी अशी बस शोभून दिसते, यात शंका नाही. नागपुरात कुणी आणायची ठरवली तर फुटाळ्याच्या काठी, फाउंटनसमोर तिचे फोटो किती सुंदर येतील हे मलाही दिसतं. पण मला ती सकाळी सव्वानऊला हवी आहे. डबा घेतलेल्या, केस ओले असलेल्या बायकांना, आयटीआयच्या पोरांना, मेडिकलला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या लेकींना वर जाऊन बसता येईल अशी. नेहमीच्या तिकिटात.

आणि वरचा कंडक्टर हवा. बाबांना तो सोबती म्हणून हवा आहे. मला त्याहून वेगळ्या कारणासाठी. संध्याकाळी साडेसातनंतरची बस डोळ्यांसमोर आणा. खाली माणसं आहेत, वर चार-पाच. पुढच्या सीटवर एकटी मुलगी. हळूहळू तिघं उतरले. आता वर ती आणि कुणीतरी एक. खालच्या माणसाला हे दिसत नाही. कॅमेरा असतो, आणि असावाच, पण कॅमेरा वर येऊन "ताई, कुठं उतरायचं?" असं विचारत नाही. ते एवढं विचारलं की त्या दुसऱ्या माणसाला कळतं, कुणीतरी बघतंय. मी कॉलेजला असताना बाबांनी मला एकच नियम घालून दिला होता : कंडक्टर दिसेल अशा सीटवर बस. दुमजली बसमध्ये हा नियम पाळायचा तर वर कंडक्टर असायलाच हवा. त्याचा पगार हा खर्च आहे, मला मान्य. पण जिन्याचाही खर्च असतो आणि तो कुणी काढून टाकत नाही.

हे सगळं बोलणं त्या दिवशी जेवताना झालं. बाबा गप्प होते. हात धुता धुता म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण जाईल का ती?"

"कुठून?"

"आपल्या इथून. उंची केवढी असते?"

मी शोधून सांगितलं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे दुमजली गाडीची उंची जास्तीत जास्त पावणेपाच मीटर. बाबांनी मीटर मानला नाही, फुटांत सांग म्हणाले. पंधरा फूट सात इंच. रेल्वेखालच्या लोहापुलाचं नाव त्यांनी स्वतःच काढलं आणि स्वतःच खोडलं, तिथून न्यायचीच नाही म्हणाले. पावसाळ्यात तिथं साध्या गाडीचे हाल होतात. मग बराच वेळ ते मनातल्या मनात मार्ग लावत होते. ओठ हलत होते, स्टॉप मोजत असावेत.

रविवारी पहाटे पावणेसहाला मला आवाज आला. बाबा अंगणात होते. आंबे पाडायचा बांबू आणि मांडवाचा एक जुना बांबू त्यांनी सुतळीनं एकाला एक बांधला होता. टेप घेऊन खालून वर मोजत होते. पंधरा फूट सात इंचावर त्यांनी आईच्या जुन्या केशरी लुगड्याची चिंधी बांधली आणि वरचा उरलेला भाग करवतीनं कापून टाकला. "चल," म्हणाले.

एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला एवढा लांब बांबू पेलत नाही, म्हणून खालचं टोक मी धरलं आणि ते पुढं वर बघत चालले. गोकुळपेठेतून लॉ कॉलेज चौकापर्यंत आम्ही असे गेलो. जिथं काही आडवं येईल तिथं थांबायचं, बांबू उभा करायचा, चिंधी कुठं लागते ते बघायचं. फांद्यांची भीती होती, पण मोठ्या झाडांच्या मुख्य फांद्या बहुतेक ठिकाणी चिंधीच्या वरच राहिल्या. अडवलं ते वायरींनी. केबलवाल्यांच्या, कुठल्या कुठल्या कनेक्शनच्या, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टाकलेल्या काळ्या वायरी, पोटात झोळ पडलेल्या. बाबांनी खिशातल्या वहीत प्रत्येक जागा लिहिली. दुकानाचं नाव, खांब, किती फूट कमी पडतात. अक्षर वे-बिलातलंच, बारीक आणि सरळ रेषेत. फिरायला निघालेले लोक थांबून विचारायचे, काका, काय मोजून राहिले? बाबा सांगायचे, "डबल डेकर येणार आहे." "कुठला पूल?" असं एकानं विचारलं. "बस," बाबा म्हणाले. त्या माणसानं वर बघितलं, आणि मग आमच्याबरोबर पुढच्या खांबापर्यंत आला.

चौकाच्या अलीकडे, माझ्या रोजच्या स्टॉपवर कडुलिंब आहे. त्याची एक फांदी रस्त्यावर बरीच पुढं झुकली आहे. तिथं बांबू उभा केला तर चिंधी फांदीच्या बारीक डहाळ्यांत घुसली. खाली ओढला तर अडकली. हलवला तर आणखी गुंतली. बाबा म्हणाले, जोर नको लावू, फांदी तुटेल. मग बांबू फिरवून, सैल करून मी अलगद खाली घेतला. बांबू आला, चिंधी वरच राहिली. बाबांनी वहीत लिहिलं : कडुलिंब, स्टॉपपाशी, चार इंच.

ती चिंधी अजून तिथं आहे. रोज सकाळी बसची वाट बघताना मी मान वर करते. वारा असला की ती हलते. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटवर कुणी बसलं असतं, तर ती बरोबर त्याच्या डोक्यावरून, छताला घासून गेली असती.